अनामत घ्या, पण हिशेब द्या

गाडीचे सगळे भाडे घरबसल्या भरून झालेले असते. पावती मोबाइलमध्ये असते, लायसन्स खिशात असते. तरीही म्युनिक असो, ऑर्लँडो असो की दुबई, विमानतळावरच्या काउंटरवर चावी हातात पडण्याआधी क्रेडिट कार्ड मागितले जाते. कार्ड मशीनमध्ये जाते आणि काही क्षणांत बँकेचा संदेश येतो, की अमुक इतके हजार रुपये खर्च झाले. भाडे तर आधीच दिलेले, मग हे पैसे कशाचे? ‘होल्ड आहे, परत मिळेल’, एवढेच उत्तर मिळते. मागे रांग असते, मुले प्रवासाने आंबलेली असतात. प्रवासी सही करून मोकळा होतो आणि सहल आटोपून घरी आल्यावरही दोन-तीन आठवडे कार्डाची शिल्लक मर्यादा तपासत राहतो.

मराठी कुटुंबे आता परदेशात स्वतः गाडी चालवत फिरू लागली आहेत. गोव्यात आणि कोकणात सेल्फ ड्राइव्ह गाडी घेणे तर अगदी सवयीचे झाले आहे. त्यामुळे अनामतीचा हा विषय आता मूठभर सधनांपुरता उरलेला नाही. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. गाडी देणाऱ्याने अनामत मागण्यात काहीही गैर नाही. ती किती, कोणत्या स्वरूपात आणि परत केव्हा, हे आधी न सांगणे गैर आहे. गाडी धडधाकट परत मिळाल्यावरही अडकवलेली रक्कम मोकळी करण्याचे काम कुणीच आपले न मानणे, हे त्याहून गैर आहे.

आधी गाडीवाल्याची बाजू. दहा-पंधरा लाखांची वस्तू तो पूर्णपणे अनोळखी माणसाच्या हाती सोपवतो. आपल्या १८७२च्या करार कायद्यात अशा व्यवहारासाठी निक्षेपाचे प्रकरण आहे. वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती, सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तशी जपली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. पण कायद्याने जपायला सांगितले म्हणून पोचा आलेले दार आपोआप सरळ होत नाही. इंधन कमी भरून गाडी परत येते, एक दिवस उशिरा येते, टोल थकतात, दंडाच्या पावत्या मागाहून येतात. ग्राहक तोवर आपल्या देशात परतलेला असतो. वॉरन एव्हिस यांनी १९४६ साली डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. विमानातून उतरणारा परगावचा प्रवासी हाच त्यांचा ग्राहक, आणि त्याची पत ठरवायची कशी हा या धंद्यापुढचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. १९५० साली डायनर्स क्लबचे आणि १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाचे कार्ड आले. मोठ्या रकमेसाठी दुकानदार फोन करून मंजुरी घेत. १९७३ साली ही मंजुरी संगणकाच्या जाळ्यावरून मिळू लागली आणि कधीही न पाहिलेल्या माणसाच्या पतीचा निर्वाळा काउंटरवरच मिळायची सोय झाली. रोख अनामतीचा गठ्ठा मोजण्यापेक्षा ही व्यवस्था दोघांच्याही सोयीची होती, आजही आहे.

होल्डमध्ये नेमके काय घडते हे समजून घेतले, तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. काउंटरवरच्या मशीनमधून कंपनीची बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यामार्फत, तुमच्या बँकेला विचारते, की या कार्डावर एवढी रक्कम मिळण्यासारखी आहे का. तुमची बँक होकार देते, मंजुरीचा क्रमांक पाठवते आणि तेवढी रक्कम तुमच्या शिल्लक मर्यादेतून वजा धरते. एवढेच. पैसे कुठेही गेलेले नसतात. कंपनीच्या खात्यात काही जमा होत नाही, तुमच्या मासिक बिलात काही चढत नाही, त्यावर व्याज लागत नाही. गाडी परत केल्यावर कंपनी प्रत्यक्ष देणे किती ते ठरवते आणि तेवढीच रक्कम वसूल करते. काहीच देणे नसेल तर होल्ड उठवला जातो. मुक्काम वाढवला, तर आणखी रक्कम रोखून ठेवण्याची मुभाही कंपनीला असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अंदाजित भाड्यावर आणखी काहीशे डॉलर रोखले जातात. युरोपात हा आकडा बराच मोठा असतो. त्याचे कारण पुढे येईल.

पैसे गेलेले नसतात हे खरे, पण ते वापरताही येत नाहीत. समजा, कार्डाची मर्यादा दीड लाख आहे. विमानाची तिकिटे आणि हॉटेलांचे आगाऊ आरक्षण यांत साठ हजार गेले. गाडीवाल्याने ८०० युरो रोखले, म्हणजे रुपयांत पाऊण लाखाच्या आसपास. हाती उरले जेमतेम पंधरा हजार. रात्री हॉटेलवाला स्वतःचा होल्ड लावायला जातो तेव्हा कार्ड नाकारले जाते. कुणी फसवलेले नाही, कुणी चोरलेले नाही, तरी परक्या गावात सामान घेऊन स्वागतकक्षात उभे राहण्याची पाळी येते. आपल्या बऱ्याच बँकांचा संदेश या वेळी गोंधळात भरच घालतो. रक्कम खर्च झाली काय किंवा नुसती रोखली काय, संदेशातले शब्द तेच. रक्कम मोकळी झाल्यावर मात्र बहुधा संदेशच येत नाही.

खरी अडचण सुटकेच्या वेळी येते. होल्ड दोन प्रकारे उठतो. कंपनी ‘आता ही रक्कम नको’ असा संदेश जाळ्यावरून पाठवते, किंवा मुदत संपल्यावर मंजुरी आपोआप बाद होते. भाड्याच्या गाड्यांसाठी ही मुदत साधारण ३० दिवसांपर्यंत जाते. चोख कंपनी गाडी तपासली की त्याच दिवशी संदेश पाठवते. पुष्कळ कंपन्या पाठवत नाहीत आणि मुदत संपण्यावर सोडून देतात. त्यात आणखी एक भानगड होते. अंतिम बिल वसूल करताना मूळ मंजुरीचा क्रमांक नीट जोडला गेला नाही, तर तुमच्या बँकेला ते दोन वेगळे व्यवहार वाटतात. मग बिलही वसूल होते आणि जुना होल्डही लटकत राहतो, म्हणजे काही दिवस दुप्पट रक्कम अडकते. विचारायला जावे तर कंपनी म्हणते, ‘आम्ही सोडली, बँकेला विचारा.’ बँक म्हणते, ‘दुकानदाराकडून काही आलेले नाही.’ दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकते. मधल्या मधे हेलपाटे मात्र ग्राहकाला.

अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाचा दाखला अनेक जण देतात. फसलेल्या कार्ड व्यवहारातले पैसे पाच दिवसांत आपोआप परत करा, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्या, असे ते परिपत्रक सांगते आणि ते उत्तमच आहे. पण त्याचा रोख खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत अशा फसलेल्या व्यवहारांवर आहे. रीतसर सही करून दिलेला होल्ड फसलेला व्यवहार ठरत नाही, त्यामुळे तो दाखला इथे लागू पडत नाही.

रोखलेल्या रकमेला शिस्त लावता येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. आपल्याकडे ती लावलेली आहे. शेअर बाजारात आयपीओला अर्ज करणाऱ्या कुणालाही विचारा. २००८ साली सेबीने आणलेल्या ‘अस्बा’ पद्धतीत अर्जाची रक्कम कंपनीकडे जात नाही. ती गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यात गोठते. शेअर मिळाले तर तेवढीच कापली जाते, नाही मिळाले तर मोकळी होते. डिसेंबर २०२३पासून इश्यू बंद झाल्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत शेअरची नोंदणी झालीच पाहिजे, असा दंडक आहे. रक्कम मोकळी करायला उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये किंवा वार्षिक १५ टक्के यांतली जी जास्त असेल ती भरपाई देण्याचे बंधन सेबीने २०२१ साली घातले. अनामत आणि आयपीओ यांचे प्रयोजन वेगळे आहे, हे मान्य. पण दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम गोठवण्याचा अधिकार घेतला, की ती वेळेत सोडण्याची जबाबदारीही आली, हे तत्त्व दोन्हीकडे एकच असायला हवे. पंधरा हजारांच्या आयपीओ अर्जाला जे संरक्षण आहे, ते पाऊण लाखाच्या होल्डला नाही.

डेबिट कार्ड वापरणाऱ्याचे हाल याहून जास्त. क्रेडिट कार्डावर बँकेने दिलेली मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर तुमचा पगार अडकतो. पाच तारखेला घराचा हप्ता जायचा असतो, खात्यात शिल्लक दिसते पण ती वापरण्याजोगी नसते, हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते ते वेगळेच. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना याची झळ पहिल्याच वर्षी बसते. तिथले क्रेडिट कार्ड मिळायला वेळ लागतो, हाती असते डेबिट कार्ड किंवा इथून नेलेले प्रीपेड फॉरेक्स कार्ड. प्रीपेड कार्डावर अनामत घ्यायला अनेक काउंटर सरळ नकार देतात. डेबिट कार्ड चालत असले, तरी काही कंपन्या त्यासाठी परतीचे विमान तिकीट मागतात, काही ग्राहकाची पत तपासतात, काही मोठी अनामत लावतात. त्यात पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा आकार असतोच. चार मित्र मिळून ग्रँड कॅन्यन पाहायला निघाले, तर कुणाच्या कार्डावर होल्ड लावायचा हे निघण्याआधी ठरलेले बरे. कारण कार्ड मुख्य चालकाच्या नावाचे लागते. वडील गाडी चालवणार आणि कार्ड मुलाचे, असा मेळ बहुतेक काउंटरवर बसत नाही. आगाऊ भरलेले भाडेही अशा वेळी बुडण्याची शक्यता असते.

आणखी एक साधी गोष्ट घाईत राहून जाते. १६ मार्च २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने नवी कार्डे सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनवरच चालतात. परदेशी वापर स्वतः ॲपमधून सुरू करावा लागतो आणि त्याची मर्यादाही ठरवावी लागते. तो वापर सुरू केला पण मर्यादा पन्नास हजारांवरच राहिली, तर पाऊण लाखाचा होल्ड नाकारला जाणारच.

काही ठिकाणी, विशेषतः छोट्या कंपन्यांकडे, अनामत होल्ड म्हणून न घेता चक्क विक्री म्हणून घेतली जाते. पैसे खरोखर वसूल होतात आणि नंतर परत केले जातात. परक्या चलनात या फरकाची किंमत मोजावी लागते. जाताना युरोचा दर एक, येताना दुसरा. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार, जो बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्क्यांच्या घरात असतो, आणि त्या आकारावर जीएसटी. कंपनीने ८०० युरो घेऊन ८०० युरो परत केलेले असतात, तिच्या दृष्टीने हिशेब चुकता झालेला असतो. तुमच्या खात्यात मात्र दोन-तीन हजार रुपये कमी भरतात आणि त्याबद्दल दाद मागायला जागा नसते. नुसता होल्ड लागून उठला, तर असे काही होत नाही. म्हणून सही करण्याआधी पावतीवर काय छापले आहे ते वाचावे. ‘प्री-ऑथ’ असेल तर होल्ड, ‘सेल’ असेल तर वसुली. मशीनच्या पडद्यावर ‘रुपयांत देणार का’ असा प्रश्न आला, तर नकार द्यावा आणि तिथल्याच चलनात व्यवहार करावा. रुपयांतला तो आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर जवळपास नेहमीच महाग पडतो.

युरोपात अनामत एवढी मोठी का, याचे उत्तर विम्यात आहे. भाड्यात सहसा ‘सीडीडब्ल्यू’ धरलेले असते. लोक त्याला विमा म्हणतात, पण ती कंपनीने दिलेली सूट आहे. गाडीचे नुकसान झाले, तर ठरावीक रकमेच्या वरचे आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढेच तिचे आश्वासन. त्या ठरावीक रकमेला ‘एक्सेस’ म्हणतात आणि ती १,००० ते २,००० युरो किंवा त्याहूनही जास्त असू शकते. तेवढ्यापर्यंतची तोशीस तुमची. कंपनी अनामत म्हणून बहुधा एवढीच किंवा तिच्या जवळपासची रक्कम रोखते. शिवाय टायर, काच, छत आणि गाडीचा तळ हे भाग पुष्कळदा सवलतीतून वगळलेले असतात. खडीच्या रस्त्यावर नेमके तेच आधी खराब होतात.

इथेच काउंटरवरचा आग्रह सुरू होतो. दिवसाला २०-२५ युरो जास्त द्या, एक्सेस शून्य होईल आणि अनामतही नाममात्र लागेल. अनेक ठिकाणी या विक्रीवर कर्मचाऱ्याला कमिशन मिळते. ज्याच्या कार्डावर जागा कमी आहे, त्याला मग पर्याय उरत नाही. गाडी सोडायची किंवा हे जादा संरक्षण घ्यायचे. दहा दिवसांच्या सहलीत ते मूळ भाड्याच्या जवळ जाते. बाहेरच्या विमा कंपनीची एक्सेस पॉलिसी पुष्कळ स्वस्त मिळते, पण तिच्यामुळे होल्ड कमी होत नाही. ती पॉलिसी तुम्ही भरलेले पैसे तुम्हाला नंतर देते. काउंटरवरच्या कंपनीशी तिचे देणेघेणे नसते. दोन्हींतले काय परवडते याचा निर्णय घरी, शांतपणे, अटी वाचून घ्यायचा असतो. रात्रीच्या विमानातून उतरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून तो घेतला जातो, ही या धंद्यातली आम्हाला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. अनामत ही सुरक्षेसाठी असते. ती विक्रीसाठी दबाव म्हणून वापरली जाऊ लागली, की तिचे समर्थन करता येत नाही.

युरोपीय आयोगाने आणि तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी याची दखल घेतली होती. एव्हिस, युरोपकार, एंटरप्राइझ, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली आणि जुलै २०१५मध्ये त्यांनी आपल्या पद्धती सुधारण्याचे मान्य केले. इंधनाचे नियम, विम्याच्या अटी आणि नुकसानीचा हिशेब अधिक स्पष्ट करणे हे त्यात होते. अमेरिकेत १९७४च्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ब्रिटनमध्येही त्याच वर्षीच्या ग्राहक पत कायद्याने कार्ड देणाऱ्या बँकेला दुकानदाराबरोबर जबाबदार धरले. पण हे हक्क वसूल झालेल्या रकमेपुरते आहेत. नुसत्या रोखलेल्या रकमेपाशी त्यांचाही हात आखडतो.

होल्ड उठला म्हणजे हिशेब संपला, असेही समजू नये. इटलीत फ्लॉरेन्स, रोम यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ नावाचे मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत. परवान्याविना आत शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो. परदेशी राहणाऱ्याला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. त्याआधी गाडीची कंपनी तुमचे नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दलचा तिचा आकार कार्डावर लावते. तो दंडापेक्षा निराळा. करारावर सही करताना ‘मागाहून येणारे आकार याच कार्डावर’ ही अट तुम्ही मान्य केलेली असते. दुबईत ‘सालिक’चे टोल आणि वाहतुकीचे दंड यांसाठी अनेक कंपन्या गाडी परत केल्यावरही दोन ते चार आठवडे अनामत ठेवून घेतात. दंड उशिरा येतात हे खरे असल्याने या विलंबाला कारण आहे. पण मग तो कालावधी करारात ठळक हवा आणि त्यानंतरचा एक दिवसही नको.

आता आपल्या घरी येऊ. भारतात स्वतः चालवण्यासाठी गाड्या भाड्याने देण्यास १९८९ची ‘रेंट-अ-कॅब’ योजना लागू आहे. अशा गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. गोव्यात दाबोळी किंवा मोपा विमानतळाबाहेर, मडगाव स्थानकाजवळ या काळ्या पाट्या जागोजाग दिसतात. पण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही सर्रास भाड्याने मिळतात, चारपाचशे रुपयांनी स्वस्त मिळतात, आणि पर्यटक त्या आनंदाने घेतात. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. म्हणजे मालकाला विम्याचा आधार नाही. त्याच्या हाती सुरक्षा एकच, ती म्हणजे तुमची अनामत. म्हणूनच ती उग्र रूप धारण करते. पाच-दहा हजार रुपये मालकाच्या स्वतःच्या यूपीआय खात्यावर, वर मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स त्याच्या ड्रॉवरमध्ये. काही ठिकाणी पर्यटकाची स्वतःची मोटारसायकलच ठेवून घेतली जाते.

ओळखपत्र अडकवून ठेवण्याची ही प्रथा बंदच झाली पाहिजे. खासगी माणसाला दुसऱ्याचे मूळ ओळखपत्र तारण म्हणून ठेवण्याचा अधिकार नाही. भारतीय पासपोर्ट तर १९६७च्या कायद्याच्या कलम १७नुसार केंद्र सरकारची मालमत्ता आहे. धारकालाही तो गहाण टाकता येणार नाही, तिथे गाडीवाल्याची काय कथा! ओळख पटवायला प्रत पुरते, डिजीलॉकर पुरते. मूळ कागद हातात ठेवण्याचा उद्देश एकच, परतीच्या विमानाची वेळ झालेल्या पर्यटकाला वाद घालता येऊ नये.

आणि वाद होतात ते ओरखड्यावरून. गाडी देताना मालकाच्या माणसाने मोबाइलवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढलेला असतो, बहुधा संध्याकाळच्या उजेडात. परत घेताना मात्र तो गुडघ्यावर बसून बंपरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतो. बोटाला लागलेली रेघ नवी की जुनी, हे ठरवायला कुणी तिसरा नसतो. ‘पेंटिंगला साडेचार हजार’ असा तोंडी आकडा येतो. गॅरेजचा अंदाज नाही, बिल नाही. गाडी तशीच पुढच्या गिऱ्हाइकाला जाते आणि त्याच रेघेचे पैसे पुन्हा घेतले गेले, तरी कळायला मार्ग नसतो. सगळे मालक असे नाहीत. कर्ज काढून दोन-तीन गाड्या घेतलेला, हंगामाच्या चार महिन्यांवर वर्ष काढणारा माणूसही यात आहे. त्याच्या गाड्या पर्यटक बंदी असूनही किनाऱ्यावरच्या वाळूत घालतात, दारू पिऊन चालवतात, आणि गाडी आठ दिवस गॅरेजला गेली की त्याचा रोजगार बुडतो. त्याला नुकसानभरपाई मिळायलाच हवी, बुडालेल्या दिवसांचीही मिळायला हवी. पण नुकसान दाखवून.

या बाबतीत आपला कायदा पुरेसा स्पष्ट आहे. मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा निकाल आहे. लष्कराला बटाटे आणि कोंबड्या-अंडी-मासे पुरवण्याचे दोन ठेके मौला बक्ष यांनी घेतले होते आणि त्यांसाठी १०,००० आणि ८,५०० रुपये अनामत ठेवली होती. पुरवठा नीट न झाल्याने सरकारने ठेके रद्द करून अनामत जप्त केली. न्यायालयाने सांगितले, की नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करावे लागते. करारात लिहिले आहे म्हणून अख्खी अनामत खिशात घालता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७४चा हा अर्थ जर सरकारला लागू असेल, तर गाडीच्या मालकाला आणि मोठ्या सेल्फ ड्राइव्ह कंपनीलाही लागू आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अवास्तव जादा अनामत मागणे’ हा अन्याय्य कराराचा पहिलाच प्रकार म्हणून नोंदवला आहे. अडचण एवढीच, की अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. पाच हजारांसाठी मुंबई किंवा पणजी गाठणार कोण? अनामत परत न करणे ही सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा आयोगात मांडता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आमच्या वाचकांनी हा मार्ग जरूर वापरावा.

तंत्राच्या बाबतीतही सबब उरलेली नाही. रक्कम ग्राहकाच्याच खात्यात रोखून तिच्यातून गरजेनुसार कापण्याची सोय यूपीआयवर देण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केला आणि हॉटेलचे आरक्षण हे उदाहरण तिनेच दिले. भाड्याची गाडी हे त्याच जातीचे काम आहे. ही पद्धत सेल्फ ड्राइव्ह व्यवसायात रूढ झाली, तर अनामत मालकाच्या खात्यात जाणारच नाही. वाद झालाच, तर पैसे परत मागायची पाळी ग्राहकावर येणार नाही. किती कापायचे हे पुराव्यानिशी सांगण्याची पाळी मालकावर येईल, आणि ती त्याच्यावरच असली पाहिजे.

रिझर्व्ह बँकेकडे आमची मागणी अशी, की होल्डचा संदेश खर्चाच्या संदेशाहून वेगळा असावा, त्यात मुदत लिहिलेली असावी आणि रक्कम मोकळी झाल्यावर दुसरा संदेश यावा. देशातल्या होल्डला सेबीच्या धर्तीवर सुटकेची मुदत आणि उशिराची भरपाई ठरवावी. गोवा आणि महाराष्ट्राच्या परिवहन खात्यांनी सेल्फ ड्राइव्हचा परवाना देताना तीन अटी घालाव्यात. अनामतीचा आकडा आरक्षणाच्या वेळीच छापील स्वरूपात दिला जावा, मूळ ओळखपत्र ठेवून घेऊ नये आणि कपात केली तर गॅरेजचे बिल जोडले जावे. या अटी मोडणाऱ्याचा परवाना निलंबित करण्याची तरतूद हवी. पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांवरची कारवाई तर हंगामापुरती न राहता बारमाही व्हायला हवी.

तोवर काळजी ग्राहकानेच घ्यायची आहे. आरक्षणाआधी अनामतीचा आकडा आणि तिचे स्वरूप लेखी विचारावे. गाडी घेताना आणि देताना चारही बाजू, चाकांच्या रिम, समोरची काच, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो भर उजेडात, तारखेसह काढावेत. रात्री किल्ली पेटीत टाकून निघायचे असेल, तर बहुतेक करारांत कार्यालय उघडेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच राहते हे ध्यानात ठेवावे. अंतिम बिल हातात किंवा ईमेलवर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये, कारण होल्ड अडकला तर बँकेला दाखवायला तोच एक कागद असतो. तो निदान वर्षभर जपावा. इटलीची सहल असेल तर नक्कीच.